सोड्याच्या वेळचं भांडण

त्या घरात दर रविवारी दुपारी एक भांडण व्हायचं, आणि ते बरोब्बर सोड्याची बाटली उघडली की सुरू व्हायचं.

सून लग्न होऊन त्या घरात आली तेव्हा पहिल्याच रविवारी तिनं ते ऐकलं. सासरे स्वयंपाकघरात सगळ्यांसाठी जिन फिझ, म्हणजे जिन, लिंबू आणि सोड्याचं फेसाळ पेय, करत होते, ती आणि नवरा बैठकीच्या खोलीत बसले होते, आणि एकाएकी सासूबाईंनी आवाज चढवला.

"अहो, किती ओताल? सोडा आहे की नळाचं पाणी?"

"तू आधी बाजूला हो बघू! कोपराला खेटून उभी राहतेस आणि वर मलाच विचारतेस!"

"खेटून नाही उभी राहिले तर सगळा ओटा अंघोळ करेल!"

मग लिंबांवर गाडी गेली, लिंबांवरून साखरेवर, साखरेवरून सासूबाईंच्या माहेरच्या माणसांवर. सून घाबरून नवऱ्याकडे बघायला लागली. तो निवांत खारे बदाम खात होता.

"चालायचंच," तो म्हणाला. "पूर्वी असं नव्हतं. गेल्या वर्षभरात वाढलंय. वय झालं की माणसं किरकिरी होतात."

तेवढ्यात सासरे ट्रे घेऊन बाहेर आले, आणि सून भांडण विसरली. उंच, निमुळता ग्लास. खाली फिकट, दुधाळ पिवळं पेय, वर पांढराशुभ्र फेस. तो काठाशी थांबलेला नव्हता. काठाच्या वर बोटभर चढून सरळ उभा होता, डोक्यावर टोपी घालावी तसा. ट्रे हलला तरी तो ढळला नाही. सासूबाई ट्रेला खालून हात लावून सोबत चालत होत्या आणि अजून पुटपुटत होत्या.

सुनेनं घोट घेतला. आधी फेस ओठांना लागला, मऊ, जवळजवळ चवच नसलेला. मग त्याखालून थंडगार आंबटगोड धार आली, आणि तिच्या मागून जिनचा तो जंगली, पाइनच्या झाडासारखा वास. नाकात बुडबुडे शिरले. ती नकळत हसली. सासरे तिच्या तोंडाकडेच बघत होते. "पोर कामाची आहे," ते म्हणाले आणि आपल्या खुर्चीत बसले.

सासरे काचेवर नक्षी कोरायचे. फिरत्या तांब्याच्या चाकावर काच टेकवून तिच्यावर पानं, पक्षी, अक्षरं उमटवायची, हा त्यांचा जन्माचा धंदा. तरुणपणी एका मोठ्या हॉटेलच्या बारसाठी त्यांनी ग्लासांचा संच कोरला होता. तिथल्या बारवाल्यानं पहिला ग्लास हातात घेतला, उलटासुलटा केला आणि परत दिला. म्हणाला, नक्षी सुरेख आहे, पण ग्लास बुटका आहे, फेसाला चढायला जागा कुठाय? सासऱ्यांना तो अपमान वाटायला हवा होता. त्यांनी उलट विचारलं, चढतो कसा ते दाखव. तिथून हे शिक्षण सुरू झालं.

सुनेला त्यांचं ते करणं बघायला फार आवडायचं. म्हणजे बघता येईल तेवढंच, कारण घरात नियम होता: सासरे ओट्याकडे तोंड आणि बैठकीकडे पाठ करून उभे राहायचे, आणि फेस उभा राहीपर्यंत कुणी डोकावायचं नाही. पण मधली भिंत अर्धीच होती, त्यामुळे पाठीवरूनही पुष्कळ कळायचं. लिंबू ते आयत्या वेळी चिरायचे, आधी पिळून ठेवलेला रस त्यांना चालत नसे. मापाच्या छोट्या पेल्यानं जिन, मग रस, मग साखरेचा पाक. अंडं ओट्याच्या काठावर टिचकवून पिवळं एका कवचातून दुसऱ्या कवचात झेलत पांढरं तेवढं शेकरमध्ये, म्हणजे झाकणाच्या लांबट भांड्यात, सोडायचे. मग शेकर हलवायचा, पण बर्फाशिवाय. सुनेनं याचं कारण विचारलं तेव्हा ते म्हणाले, "बर्फ पडला की अंडं आखडतं. आधी त्याला मोकळं नाचू द्यायचं, मग थंडीत काढायचं." त्यानंतर बर्फ, आणि मग खरं हलवणं. खांद्यापासून, जोरात, शेकरवर पांढरं दव धरेपर्यंत. बर्फाचा खडखडाट हळूहळू बारीक होत जायचा. तो पुरता मऊ झाला की ते थांबायचे.

या हलवण्यात वय दिसत नसे. पाठमोरा माणूस तिशीतला वाटायचा.

मग गाळून ग्लासात ओतायचं आणि हात आवरून उभं राहायचं. फेसाला बसू द्यायचं. शेवटी थंड सोडा, अगदी बारीक धारेनं, बरोबर मधोमध, आणि काठाच्या जवळून. धार उंचावरून पडली तर फेसाला भोक पडतं. जवळून आणि हळू पडली तर खालचा सोडा फेसाला उचलतो, आणि टोपी वर येते. सगळी परीक्षा या शेवटच्या धारेत.

आणि नेमकं तेव्हाच सासूबाई तोंड उघडायच्या.

सून रेडिओवर काम करायची. बोलणाऱ्या माणसांच्या मुलाखती कापायच्या, जोडायच्या, खाकरणं काढायचं, श्वास नीट करायचा. एका कार्यक्रमासाठी तिला बर्फ खळखळण्याचा आवाज हवा होता, म्हणून एका रविवारी तिनं ऑफिसचा छोटा रेकॉर्डर अर्ध्या भिंतीवर ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी कानाला हेडफोन लावून ती ऐकत बसली. बर्फ उत्तम आला होता. पुढे भांडणही उत्तम आलं होतं. ते कापायला म्हणून तिनं आवाज ताणला, सासूबाईंची पट्टी खाली आणली, आणि मागे काहीतरी राहिलं.

किणकिण. अगदी बारीक, अगदी भरभर. काचेवर काच.

तिनं ते पुन्हा ऐकलं. बाटलीचं तोंड ग्लासच्या काठावर आपटत होतं. एकदा नव्हे, दोनदा नव्हे, सोडा ओतला जात होता तेवढा सगळा वेळ. सासूबाई "किती ओताल" म्हणाल्या त्याच्या अर्धा श्वास आधी ते सुरू झालं होतं, आणि बाटली खाली ठेवल्याचा आवाज आला तसं माहेरच्या माणसांचं प्रकरणही मिटलं होतं.

सुनेनं हेडफोन काढून टेबलावर ठेवले. खुर्ची करकरली की आपण तिच्यावरून रस्त्यावरच्या गाडीचा आवाज नेतो, हे तिचं रोजचं काम होतं. नको असलेला आवाज पुसता येत नसेल तर त्याच्यावर दुसरा, साधा, कुणी लक्ष देणार नाही असा आवाज पसरायचा. तिला हे शिकायला बरीच वर्षं लागली होती. सासूबाईंनी ते ओट्याशी उभं राहून, कुणी न शिकवता साधलं होतं. आणि त्यासाठी स्वतःच्या पोटच्या पोराकडून किरकिरी म्हणवून घ्यायलाही त्या तयार होत्या.

तिनं हे कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. मात्र दोन दिवसांनी ती ऑफिसातून लवकर निघून सासऱ्यांच्या कारखान्यात गेली. कारखाना म्हणजे गल्लीतली एक लांबट खोली: तेलाचा वास, खिडकीशी चाक, भिंतीला टेकवलेल्या काचा. एका नव्या वाचनालयाच्या दारासाठी ते काम करत होते. दाराला लहान लहान चौकटी होत्या आणि प्रत्येक चौकटीत एक बगळा. सगळे मिळून थवा उडताना दिसणार होता. थव्याचं टोक तेवढं राहिलं होतं.

सासरे चाकाशी बसले. दोन्ही कोपरं चामड्याच्या उशांवर टेकवली, काच दोन्ही हातांत धरून चाकाला लावली. सुनेनं श्वास रोखून त्यांच्या बोटांकडे पाहिलं. बोटं दगडासारखी स्थिर होती. बगळ्याच्या पंखाचं एकेक पीस केसाएवढ्या रेषेनं सुटत गेलं. मग त्यांनी काच खाली ठेवली, चहाची कपबशी उचलली, आणि ती हवेत येताच कप बशीवर टकटक वाजला. त्यांनी तो पटकन दोन्ही हातांनी धरला आणि सुनेकडे न बघता म्हणाले, "गरम आहे."

"हो, गरम दिसतोय," सून म्हणाली.

म्हणजे हात अधांतरी असला की थरथरायचा, टेकला की थांबायचा. कामाला त्याची झळ नव्हती. निदान अजून तरी.

नेमका त्याच आठवड्यात नवऱ्यानं विषय काढला. बाबांच्या हातून परवा पाण्याचा ग्लास पडला, ते त्यानं पाहिलं होतं. "फिरतं चाक, काच, आणि हात हलतोय," तो म्हणाला. "उद्या बोट गेलं तर? मी कारखान्याची किल्ली काढून घेणार. राहिलेले बगळे कुणीतरी दुसरा कोरेल."

"दुसरा? त्यांच्या थव्यात?"

"मग काय करू? आत्याला बोलावलंय रविवारी. ती बघेल. ती म्हणाली ठीक आहे, तर मी तोंड बंद ठेवीन. ती म्हणाली बंद, तर बंद."

आत्या म्हणजे सासऱ्यांची थोरली बहीण. उभं आयुष्य तिनं ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स म्हणून काढलं होतं, आणि घरात तिच्या शब्दापुढे सासरेही जात नसत. तिनं बंद म्हटलं असतं तर किल्ली गेलीच असती, आणि किल्ली गेली असती तर तो थवा टोकाशिवाय राहिला असता. सुनेला झोप लागेना. शेवटी तिनं स्वतःचीच समजूत घातली: सासूबाई आहेत. त्या कसल्या हार जातात?

रविवारी सकाळी सासूबाईंचा घसाच बसला.

साधा सर्दीपडशाचा घसा, पण असा बसला की तोंडातून फक्त हवा निघत होती. त्यांनी मिठाच्या पाण्यानं गुळण्या केल्या, लवंग चघळली, वाफ घेतली. दुपारपर्यंत हवेची जरा कुजबुज झाली, त्यापलीकडे काही नाही. सुनेनं त्यांना ओट्याशी सासऱ्यांची बाही ओढताना पाहिलं. ओठांवरून कळलं: आज राहू द्या.

"राहू द्या कसं?" सासरे म्हणाले. "ताई येतेय. तिला काय नुसता चहा पाजू?"

आत्या आली, काठी दारात ठेवली, भावाला न्याहाळलं. भाऊ सत्तरीला आला होता, पण तिच्या लेखी तो अजून छोट्याच होता.

"काय रे छोट्या, केस कुठे गेले?"

"तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसले होते, गळले."

"जीभ आहे अजून ठिकाणावर," आत्या म्हणाली आणि अर्ध्या भिंतीला लागूनच्या खुर्चीत बसली. भाच्यानं तिला वाकून सांगितलं, इथून नीट दिसणार नाही, पलीकडे बस.

"मला बघायची गरज नाही रे," आत्या हळू आवाजात म्हणाली. "डॉक्टर थकला की मला ट्रेमध्ये चिमटा ठेवल्याच्या आवाजावरून कळायचं. तू बडबड करू नकोस म्हणजे झालं."

तिनं डोळे मिटून घेतले. सुनेला कळून चुकलं. ही बाई बघायला आली नव्हती, ऐकायला आली होती.

आत सुरी फळीवर लागली, लिंबाचा वास आला. अंडं टिचकलं. पहिलं हलवणं झालं, बर्फाशिवाय, लाटा फुटल्यासारखं चुबुकचुबुक. मग बर्फ पडला आणि खडखडाट सुरू झाला. सून मान वळवून त्या पाठीकडे बघत राहिली. खांद्यापासून मनगटापर्यंत एक सलग हेलकावा, ना कमी ना जास्त. आत्याची मिटलेली बोटं गुडघ्यावर ठेका धरायला लागली होती. नवरा सुनेच्या कानात म्हणाला, "हे तरी मस्तच करतात." आवाज मऊ झाला, थांबला. गाळणी. मग फेस बसण्यापुरती शांतता.

सोड्याचं झाकण फुसकन उघडलं.

सासूबाईंनी तोंड उघडलं. हवा आली. त्यांनी ओट्यावरचा चमचा उचलून सिंकमध्ये टाकला, मग दुसरा टाकला. चमचे संपले. आणि त्या शांततेत सुरू झालं: किण, किण, किणकिण.

आत्याची बोटं थांबली.

"बाबा!"

आपण उभ्या कधी राहिलो हे सुनेला कळलं नाही. घरात आल्यापासून तिनं फोनवरसुद्धा आवाज वर नेला नव्हता. नवऱ्याच्या हातातले बदाम सांडले.

"बाबा, सोडा ओतताय की झाडांना पाणी घालताय?"

आतली पाठ ताठ झाली. बाटली थांबली. क्षणभर सुनेला वाटलं, आपण सगळं घालवलं. मग सासऱ्यांचा खांदा सैल पडला आणि ते न वळता गरजले, "कोण बोललं ते?"

"मी बोलले! मागच्या खेपेला अर्धा ग्लास सोडाच होता! तोंडावर कोण सांगणार, म्हणून सगळे गोड मानून पितात!"

"काल आलेली पोरगी मला शिकवणार? तू ये की करायला!"

"येतेच! आणि लिंबू? लिंबानं माझे दात आंबले होते, तीन दिवस पोळी चावता येत नव्हती!"

"दात आंबले तर दातांच्या डॉक्टरकडे जा! रेडिओवर काम करतेस ना, मग रेडिओसारखं बंद हो!"

"रेडिओ बंद होत नसतो, बाबा! त्याचं स्टेशन बदलावं लागतं!"

"अगं, काय चाललंय तुझं?" नवरा तिचा पदर धरून खेचत होता. "काय झालंय हिला?"

सून अर्ध्या भिंतीला टेकून हातवारे करत राहिली. साखर झाली, बर्फ झाला, तिच्या माहेरच्या माणसांनाही तिनं मधे आणलं, कारण काही सुचेनासं झालं की सासूबाईंची जुनी वाट धरायची हे तिला आता कळलं होतं. सासरे प्रत्येक वाक्याला वरची पट्टी लावत होते, आणि त्यांचा डावा हात ग्लास धरून, उजवा हात त्या बारीक धारेसकट, एकामागून एक ग्लास भरत होता. काठावर काच वाजत होती, पण ती ऐकायला आता जागाच उरली नव्हती. सासूबाई ओट्याशी उभ्या होत्या. त्या सुनेकडे बघत होत्या. आधी गोंधळून, मग डोळे मोठे करून, आणि मग त्यांनी पोटाशी धरलेला हात हलकेच वर उचलला. आणखी वर. आवाज आणखी वर.

बाटली खाली ठेवल्याचा आवाज आला. सून वाक्याच्या मधेच गप्प झाली. तिचा घसा दुखत होता.

ट्रे बाहेर आला. एका बाजूला सासरे, खालून हात लावून सासूबाई. पाच ग्लास, पाच टोप्या. सगळ्या काठाच्या वर बोटभर, सरळ, गुळगुळीत, जणू चाकावर कोरलेल्या. सुनेनं इतका सुंदर फेस आजवर पाहिला नव्हता, आणि तो ज्या हातांनी उभा केला होता ते तिला माहीत होते, म्हणून तर तिला बघवेना.

आत्यानं डोळे उघडले. ग्लास घेतला, एक घोट, दुसरा घोट. वरच्या ओठावर पांढरी रेघ उमटली. ती तिनं पुसली नाही.

"आत्या?" नवरा म्हणाला.

"काय आत्या?"

"म्हणजे... काय वाटतं?"

आत्यानं भावाकडे पाहिलं. तो खुर्चीत बसला होता आणि दोन्ही कोपरं खुर्चीच्या हातांवर घट्ट टेकवलेली होती. तिनं ते पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"दाराचं काम किती राहिलंय रे छोट्या?"

"थव्याचं टोक."

"ते कर. टोकाशिवाय थवा चांगला दिसत नाही." मग भाच्याकडे वळून, "किल्ली राहू दे त्याच्याकडे. दार लागलं की मी त्याला माझ्या ओळखीच्या डॉक्टरकडे नेणार आहे. तोवर तू रोज संध्याकाळी जाऊन त्याच्या शेजारी बस. नुसतं बसायचं. अक्कल शिकवायची नाही."

"म्हणजे ठीक आहे?"

"मी काय म्हणाले?"

नवऱ्यानं मान डोलावली आणि सांडलेले बदाम वेचायला खाली वाकला. सासऱ्यांनी ग्लास दोन्ही हातांनी उचलला आणि फेसात नाक बुडवलं. वर आले तेव्हा नाकावर पांढरा ठिपका होता. सासूबाईंनी तो पदरानं टिपला आणि ओठ हलवले. आवाज आला नाही, तरी काय म्हणाल्या ते सगळ्यांना कळलं: लहान आहात का?

जाताना सून आत्याला जिन्यापर्यंत सोडायला गेली. आत्यानं काठी घेतली, पहिल्या पायरीवर थांबली.

"घसा जपायला हवा तुझ्या सासूनं."

"हो. उद्यापर्यंत बरा होईल."

"नाही झाला तर तू आहेसच." आत्या एक पायरी उतरली. "चांगलं भांडतेस. पण पुढच्या वेळी झाकण उघडायच्या आधीच सुरू कर. ती किणकिण मी चार-पाचदा ऐकली."

आत्या कठड्याला धरून सावकाश खाली गेली. सून वर आली तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरात ग्लास विसळत होत्या. त्यांनी मागे न बघता ओट्याजवळ, आपल्या कोपराशी, थोडी जागा केली.